एल्बरफेल्डचा सुतारखाना

२७ ऑक्टोबर १९९१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आडोल्फ कोल्पिंग या जर्मन धर्मगुरूंना ‘धन्य’ म्हणून घोषित केले, तेव्हा आम्ही सेमिनरीत शिकत होतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला त्यांच्याविषयी आम्हास जे सांगण्यात आले ते चार ओळींत मावणारे होते: मूळचे जोडे शिवणारे कारागीर, पुढे धर्मगुरू झाले, तरुण कारागिरांचे संघ स्थापन केले, आणि ते संघ जगभर पसरले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. पुढे पुष्कळ वर्षांनी तोच इतिहास पुन्हा निवांतपणे वाचताना एक गोष्ट ध्यानी आली. या संघाची पहिली बैठक कोणा धर्मगुरूंनी बोलाविलेली नव्हती. ती देवळात भरली नव्हती की धर्मगुरूंच्या निवासात. ती भरली होती एका सुतारखान्यात, आणि जमलेले तरुण सुतार तेथे गाणी म्हणत होते.

एल्बरफेल्ड हे नाव आज नकाशावर स्वतंत्र शहर म्हणून आढळत नाही. १९२९ साली बार्मेन आणि इतर शेजारच्या गावांसह ते एका मोठ्या शहरात विलीन झाले, त्यालाच आता वुपरटाल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे खोरे सूत, कापड आणि रंगाई यांसाठी प्रसिद्ध होते. रंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी थेट वुपर नदीत जाई आणि नदी तांबडी होऊन वाहत असे. गाव बहुतांशी प्रोटेस्टंट पंथीयांचे. कॅथलिक थोडे, आणि त्यांच्यात कामाच्या शोधात आलेल्या परगावच्या माणसांचा भरणा मोठा.

या परगावच्या माणसांत कारागिरांचा एक वर्ग होता, त्याला जर्मन भाषेत ‘गेजेले’ म्हणतात. शिकाऊ मुलगा उमेदवारी संपवून हुन्नर हाती आल्यावर गेजेले होई. मग तो गावोगाव हिंडून वेगवेगळ्या उस्तादांकडे काम करी आणि पुढे जमल्यास स्वतः उस्ताद होई. या शब्दाचा मूळ अर्थ मोठा सुंदर आहे. ज्याच्यासोबत आपण एका खोलीत राहतो, तो गेजेले. जुन्या काळी तसेच होते. कारागीर उस्तादाच्या घरी राही, त्याच्याच पंगतीस जेवी, त्याच्याच घरी सायंप्रार्थनेला गुडघे टेकी. कारागिरांच्या श्रेणी होत्या, त्यांचे आश्रयदाते संत होते, आजारपणाला आणि मरणाला श्रेणीची पेटी होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीत या श्रेणी मोडल्या आणि धंदा सर्वांस मोकळा झाला. त्या श्रेणींत जुलूम आणि मक्तेदारीही पुष्कळ होती, म्हणून त्या गेल्याचे दुःख आम्ही करीत बसणार नाही. परंतु श्रेणीबरोबर खोलीही गेली. कारखान्याच्या मालाशी टक्कर देता देता मेटाकुटीस आलेला उस्ताद आता कारागिराला मजुरी देऊन संध्याकाळी दाराबाहेर काढू लागला. शब्द तेवढा उरला. परक्या गावात रात्री उबेला जाण्याजोगी जागा राहिली ती दारूच्या गुत्त्याची.

हे दुःख दिसणारे कोल्पिंग एकटेच नव्हते. फ्रेडरिक एंगेल्स यांचा जन्म शेजारच्याच बार्मेनचा. आपल्या खोऱ्यातील कामगारांची दैना आणि व्यसने त्यांनी १८३९ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, वृत्तपत्रातून वेशीवर टांगली होती. फेब्रुवारी १८४५ मध्ये त्यांनी एल्बरफेल्डमध्ये जाहीर सभा घेतल्या. त्या सभांविषयी त्यांनीच मार्क्स यांना पत्राने कळविले, की गावातील धनिकांपासून किराणा दुकानदारांपर्यंत सगळे आले होते, नव्हता तो फक्त कामगारवर्ग. एंगेल्स यांना हिणवावे म्हणून आम्ही हे सांगत नाही. इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरचा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला, आणि तो वाचून आजही मन हलते. आमच्या प्रवचनांना तरी ज्यांच्याविषयी आम्ही बोलतो ते कुठे हजर असतात? आम्हास एवढेच नमूद करावयाचे आहे, की कामगार सभेला आले नाहीत त्याच गावात पुढल्याच वर्षी काही तरुण सुतार कोणी न बोलाविता एकत्र येऊ लागले.

हे ‘श्रायनर’, म्हणजे दारे, खिडक्या, कपाटे, मेजे घडविणारे सुतार. घराचे वासे-आढी उभारणारा सुतार त्यांच्याकडे वेगळा. श्रायनरचे काम छपराखालचे, बारकाईचे आणि बव्हंशी सोबतीचे. लांब फळी करवतीखाली धरायला दुसरा हात लागतो. कुसू सालीत बसवून चौकट आवळताना पलीकडून कोणी तरी गुण्या लावून पाहावे लागते. तापविलेला सरस निवण्याआधी सांधा जुळवायचा, तर दोघांनी एकाच वेळी हात चालवावे लागतात. ज्यांनी सुतारखान्यात थोडा वेळ काढला आहे त्यांना ठाऊक असेल, की तेथे माणसे समोरासमोर बसून बोलत नाहीत. हात कामात असतात, नजर रंध्यावर असते आणि बोलणे बाजूने चालते. गाणेही तसेच येते. या तरुणांनी दिवसाचे काम आटोपल्यावर सुतारखान्यातच गाण्यासाठी जमायला सुरुवात केली. गाण्यासाठी जमलेले लोक हळूहळू एकमेकांच्या अडचणी ऐकू लागले.

गाणे नीट शिकविणारा कोणी हवा म्हणून ते योहान ग्रेगोर ब्रॉयर या शिक्षकाकडे गेले. ब्रॉयर प्रापंचिक होते. त्यांनी नुसते सूर जुळविले नाहीत. या मंडळीला जागा हवी, नियम हवेत आणि थोडे शिक्षण हवे हे त्यांनी ओळखले, शाळेचा वर्ग संध्याकाळी उघडून दिला, संघाची गरज सांगणारे टिपण लिहून काढले, आणि नोव्हेंबर १८४६ मध्ये एल्बरफेल्डचा कॅथलिक कारागीर संघ रीतसर स्थापन झाला. संघाला धर्मगुरू अध्यक्ष हवा, असे ठरले. पहिले अध्यक्ष दुसरेच एक साहाय्यक धर्मगुरू होते. १८४७ साली त्या जागी निवड झाली ती कोल्पिंग यांची. म्हणजे ज्यांना जग संस्थापक म्हणून ओळखते ते या पहिल्या संघाचे दुसरे अध्यक्ष.

असे असूनही त्यांचे मोठेपण उसने नाही. ८ डिसेंबर १८१३ रोजी केर्पेन येथे एका मेंढपाळाच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली, जोडे शिवण्याची उमेदवारी सुरू झाली. सुमारे दहा वर्षे हातात आरी होती. गेजेले म्हणून गावोगाव हिंडताना कारखान्यांतील शिवराळ भाषा, उपासमार आणि एकटेपणा त्यांनी स्वतः भोगला. तेविसाव्या वर्षी ते कोलोनच्या शाळेत लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसले. १३ एप्रिल १८४५ रोजी कोलोनच्या मिनोरिटन देवळात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आदल्याच रात्री त्यांच्या वडिलांचे निधन झाले होते. पहिली नेमणूक एल्बरफेल्डला. ब्रॉयर यांचा वर्ग आणि तेथील सुतार पाहून त्यांना जे उमगले ते उमगण्यासाठी दहा वर्षे जोडे शिवलेले असावे लागतात. संघ त्यांनी निर्मिला नाही, ओळखला. आमच्या मते हे काम निर्मितीहून कमी नव्हे.

१८४९ साली त्यांची कोलोनला बदली झाली. ६ मे रोजी तेथील एका शाळेत ते सात कारागिरांसह बसले आणि कोलोनचा संघ सुरू झाला. त्याच आठवड्यात एल्बरफेल्डच्या रस्त्यांत बंडखोरांनी अडथळे उभारले होते. एंगेल्स तेथे धावून गेले आणि दोन-चार दिवसांत त्यांना गाव सोडावे लागले. कोल्पिंग यांचे सातजण मात्र पुढल्या संध्याकाळीही जमले. वाचन, लेखन, गणित शिकविले जाई. रेखाटन शिकविले जाई, कारण कागदावर कपाट उभे करता येत नाही त्याला उस्ताद होता येत नाही. गाणे अर्थातच होते. बचतीची पेटी होती, आजाऱ्यांसाठी मदत होती. राजकीय पक्षाची चर्चा दाराबाहेर. १८५३ साली ब्राइटे श्ट्रासे या रस्त्यावर संघाचे स्वतःचे घर उघडले आणि वाटसरू कारागिराला अंथरूण, गरम जेवण व ओळखीचा चेहरा मिळू लागला. हिंडणाऱ्या सभासदाजवळ संघाची छोटी पुस्तिका असे; ती दाखविली की परक्या गावातही संघाचे दार उघडे. हरवलेली खोली त्यांना अशी परत मिळाली. ४ डिसेंबर १८६५ रोजी, वयाची बावन्न वर्षे पुरी होण्यास चार दिवस असताना, कोल्पिंग प्रभूकडे गेले, तेव्हा ४१८ संघ आणि २४,००० सभासद होते.

आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत गोवेकरांच्या ‘कूड’ आहेत. कोंकणीत कूड म्हणजे खोलीच. बोटीवरच्या नोकरीसाठी आलेला तरुण आपल्या गावच्या कुडीत पेटी ठेवी, रात्री सर्वांसोबत रोझरी म्हणे, गावच्या आश्रयदात्या संताचा सण तेथेच साजरा करी. जर्मन सुतार आणि गोव्याचा खलाशी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते, तरी गरज एकच होती आणि तिला सापडलेला शब्दही जवळपास एकच. आज आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत फर्निचरचे कितीतरी कारखाने आहेत. दूरच्या राज्यांतून आलेली मुले तेथे दिवसभर प्लायवूड कापतात आणि रात्री त्याच भुशावर सतरंजी टाकून निजतात. ती बहुतेक आपल्या धर्माची नाहीत. आमच्या सभागृहाला रात्री नऊ वाजता कुलूप लागते. त्याची किल्ली आमच्याकडेच असते, म्हणून हे येथे लिहून ठेवतो.

कोल्पिंग यांच्या कार्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. त्यांचा भर माणूस घडविण्यावर होता. मजुरी किती असावी, कायदा कसा असावा, या प्रश्नांकडे त्यांनी फारसे वळून पाहिले नाही. ते काम माइन्सचे बिशप केटेलर यांनी १८६४ साली ग्रंथ लिहून हाती घेतले आणि १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात पुढे नेले. संघाचे दार प्रायः हुन्नर जाणणाऱ्या अविवाहित पुरुषांसाठी होते. यंत्रावरचा मजूर आणि घराघरांतील मोलकरीण त्याच्या बाहेरच राहिली. तरीही गाणे म्हणणाऱ्या या साध्या सुतार-चांभारांत काही तरी असावे, कारण १९३३ च्या जून महिन्यात म्यूनिक येथे भरलेला कारागिरांचा मोठा मेळावा हिटलरच्या तपकिरी गणवेशातल्या टोळ्यांनी मारहाण करून उधळला आणि तो मुदतीआधीच गुंडाळावा लागला. निरुपद्रवी भजनी मंडळाच्या वाटेला कोणी असे जात नाही. पुढे संघ पुन्हा उभे राहिले, आणि आज सुमारे ६० देशांत कोल्पिंग यांच्या नावाने चालतात.

कोल्पिंग यांचे दफन मिनोरिटन देवळात आहे. देवळाबाहेर १९०३ साली उभारलेला त्यांचा पुतळा आहे. सोबत वाटसरू कारागीर आहे. एल्बरफेल्डच्या त्या सुतारांची नावे तेथे नाहीत, ब्रॉयर यांचेही नाही. पुतळा घडविणाऱ्या शिल्पकाराचे नाव मात्र योहान बाप्टिस्ट श्रायनर. श्रायनर म्हणजे सुतार, हे वर सांगितलेच आहे.