ऑक्टोपस
ऑक्टोपस (अष्टपाद) : मृदुकाय संघाच्या शीर्षपाद वर्गातील समुद्री प्राणी. कालवे, तिसऱ्या आणि गोगलगायी याच संघातल्या. पण ऑक्टोपसला बाहेरचे कवच नसते. कोकणात मिळणारी माकूळ त्याच्या जवळच्या नात्यातली. मात्र तिला आठ भुजांखेरीज दोन लांब स्पर्शिका असतात.

शरीररचना : पिशवीसारखे धड, मोठे डोळे आणि चूषकांच्या रांगा असलेल्या ८ भुजा. चूषकांना स्पर्शाबरोबर चवही कळते. हृदये तीन : दोन कल्ल्यांना आणि एक उरलेल्या शरीराला रक्त पुरवते. तांबेयुक्त हीमोसायनिनमुळे रक्त निळसर दिसते. शरीरातला सर्वांत टणक भाग म्हणजे पोपटासारखी चोच. ती जाईल एवढ्या फटीतून बहुधा अख्खा प्राणी निसटतो.

आढळ : मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर मोठ्या ओहोटीला उरलेल्या डबक्यांत लहान ऑक्टोपस सापडतात. शेवाळलेला वाटणारा दगड अचानक सरकतो, तेव्हा तो दिसतो. ‘सिस्टोपस इंडिकस’ ही जाती ट्रॉलरच्या जाळ्यांत येते. स्थानिक बाजारात मागणी बेताची. बराच माल गोठवून निर्यात होतो.

वर्तन : हा एकलकोंडा शिकारी मुख्यतः खेकडे, कोळंबी व शिंपले खातो. त्वचेतील रंजकपेशी स्नायूंनी ताणल्या-आवळल्या जाऊन क्षणार्धात रंग पालटतो. नवल असे की, बहुतेक जातींच्या डोळ्यांत एकच प्रकाशग्राही रंगद्रव्य असल्याने त्या रंगांध मानल्या जातात. संकटात तो शाई सोडतो आणि नळीतून पाण्याचा झोत मारत मागे सटकतो.

बुद्धिमत्ता : सामान्य ऑक्टोपसमध्ये सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश भुजांमध्ये. त्यामुळे प्रत्येक भुजा बरेच निर्णय जागच्या जागी घेते. दुसऱ्या ऑक्टोपसने निवडलेला चेंडू पाहून पाहणाराही तोच निवडतो, असे १९९२ मध्ये इटलीतील प्रयोगात दिसले. इंडोनेशियात ‘अँफिऑक्टोपस मार्जिनेटस’ नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून नेतो व पुढे त्यांचा आडोसा करतो, ही नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हीच जाती भारतीय किनाऱ्यांवरही आढळते.

जीवनक्रम : बहुतेक जातींचे आयुष्य एक-दोन वर्षांचे. मादी अन्न सोडून अंडी राखते आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. साहजिकच पिलांना शिकवायला कोणी उरत नाही. प्रत्येक पिढी आपले शहाणपण नव्याने कमावते.