धुरावांचून टिकणारी मासळी

अमरावती-अकोल्याच्या बाजारांत सुकट-बोंबलाचीं पोतीं ओळीनें मांडलेलीं आपण नेहमीं पाहतों. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तरीहि ज्वारीच्या भाकरीबरोबर भाजलेला बोंबील वऱ्हाडी घरांत परका वाटत नाहीं.

मासळी टिकविण्याच्या जुन्या रीती मुख्यतः तीन : मीठ, ऊन आणि धूर. उत्तर युरोपांत ऊन मंद व हवा ओलसर. शिवाय तेथील हेरिंग मासा तेलकट, आणि तेल लवकर खवट होतें. म्हणून मीठ लावून त्यास लांकडाची धुरी देतात. धुरांतील द्रव्यें कुजणें व खवटणें दोन्ही रोखतात. शुक्रवारीं व प्रायश्चित्तकाळांत मांस वर्ज्य असल्यानें खारविलेल्या व धुरावलेल्या हेरिंगचा व्यापार मध्ययुगीन ख्रिस्ती राष्ट्रांत फार वाढला. आपल्या देशांतहि ही रीत आहे. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर टूना मासा उकडून, धुरी देऊन, मग उन्हांत वाळवितात.

वसईचा किनारा मात्र या वाटेस गेला नाहीं. पाचूबंदर, नायगांव आणि खाडीपलीकडील उत्तन येथें पोर्तुगीज अमदानींत (१५३४ ते १७३९) ख्रिस्ती झालेल्या कोळ्यांचे वंशज राहतात. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर डोलीचें जाळें लावून ते बोंबील धरतात. या माशाच्या अंगांत दहांतील जवळजवळ नऊ भाग पाणी! तेल थोडें, म्हणून धुराची गरज नाहीं. पण पाणी काढावयास विलंब झाला कीं मासा हातचा गेला. यासाठीं बांबूंच्या वलांडी उभारून त्यांवर आडवे दोर ताणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगतात. पावसाळ्यानंतरचें ऊन आणि खारा वारा तीन-चार दिवसांत बाकीचें काम करितात. पुरुष जाळें ओढतात हें खरें, परंतु निवडणें, टांगणें, राखणें आणि विकणें हें बहुतेक स्त्रियांच्या हातचें आहे. पावसाळ्यांत होड्या बंद पडल्या म्हणजे घर चालतें तें याच सांठ्यावर. इतिहासकारांनीं किल्ल्याच्या लढायांवर जितकी शाई खर्चिली, तितकी या वलांडीवर खर्चिली नाहीं.

वऱ्हाडचा मार्ग लोहमार्गानें सोपा केला. १८६७ सालीं भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरापर्यंत गाडी पोहोंचली, आणि मुंबईचा माल येथें कांहीं दिवसांत उतरूं लागला. टपालगाडींतून, म्हणजे ‘डाक’मधून, जात असल्यामुळें इंग्रजांनीं बोंबलास ‘बाँबे डक’ म्हटलें, अशी एक गंमतीची व्युत्पत्ति सांगतात. परंतु आगगाडीपूर्वींच हें नांव इंग्रजी लिखाणांत आढळतें, तेव्हां ती कथा सोडून द्यावी.

दर शुक्रवारच्या मांसवर्जनाचा नियम १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं सैल केला. त्याऐवजीं दुसरें प्रायश्चित्त ठरविण्याची मोकळीक बिशपमंडळांस मिळाली. त्यापूर्वीं ताजी समुद्रमासळी न मिळणाऱ्या मुलुखांतील कॅथलिक घरास हें पोतें किती उपयोगीं पडे, हें जुन्या गृहिणींस सांगावयास नको.

धुराचें घर पावसांतहि चालतें. वलांडीस छप्पर नसतें. डिसेंबर २०१७ मध्यें ओखी वादळाचा अवकाळी पाऊस या किनाऱ्यावर आला, तेव्हां दोरावरचे बोंबील भिजून कुजले, आणि ज्या हातांनीं ते जोडी-जोडीनें टांगले होते त्यांनाच ते उतरवून फेकावे लागले.