गर्दी आणि साक्ष : समाजमाध्यमांवरील विश्वासार्हतेच्या अभ्यासाची प्रस्तावना

2 नोव्हेंबर 2010. अमेरिकेत मध्यावधी निवडणुकांचे मतदान होते. त्या दिवशी फेसबुक उघडणाऱ्या बहुतेक सज्ञान अमेरिकनांना सर्वांत वर एक निवेदन दिसले : आज मतदान आहे, तुमचे केंद्र इथे शोधा, मत दिले असेल तर हे बटण दाबा. सोबत एक आकडा होता, आतापर्यंत किती जणांनी मत दिल्याचे कळवले याचा. सुमारे सहा कोटी लोकांना याखेरीज आणखी एक गोष्ट दिसली : बटण दाबून मोकळ्या झालेल्या त्यांच्याच मित्रमंडळींपैकी काहींचे चेहरे, जास्तीत जास्त सहा. सुमारे सहा लाखांना निवेदन आणि आकडा दिसला, चेहरे दिसले नाहीत. जवळपास तेवढ्याच आणखी एका गटाला काहीच दाखवले नव्हते. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले रॉबर्ट बाँड, जेम्स फाउलर आणि त्यांचे सहकारी यांनी ज्यांच्या नोंदी जुळल्या त्यांची नावे सरकारी मतदार-नोंदींशी ताडून पाहिली. 2012 मध्ये 'नेचर'ने निष्कर्ष छापले. चेहरे पाहिलेल्यांत मतदानाचे प्रमाण 0.39 टक्क्यांनी जास्त भरले. नुसता आकडा पाहिलेले आणि काहीच न पाहिलेले, यांच्यात फरक नव्हता.

0.39 हा आकडा वाचून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण संशोधकांच्या अंदाजाने ही थेट साठ हजार मते होती. ज्यांनी चेहरे पाहिले त्यांच्या मित्रांवरही परिणाम झाला, आणि तो धरला तर आणखी दोन लाख ऐंशी हजार. हा दुसरा परिणाम जवळजवळ सगळा जिवलग मित्रांमधूनच पोचला होता. यादीतल्या नुसत्या ओळखीपाळखीच्यांचे वजन पडले नाही.

या अभ्यासक्षेत्राच्या दाराशी उभ्या असलेल्या वाचकाने प्रथम याच प्रयोगाकडे पाहावे असे मला वाटते, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पडद्यावर शेजारीशेजारी ठेवून तपासल्या गेल्या. 'इतक्या लोकांनी केले' ही एक; 'तुमच्या अमक्याने केले' ही दुसरी. बाजारात या दोहोंना एकच नाव आहे. सोशल प्रूफ. रॉबर्ट चाल्डिनी यांच्या 1984 च्या 'इन्फ्लुअन्स' या पुस्तकाने हा शब्द घरोघर पोचवला आणि तेव्हापासून लाइक, फॉलोअर, व्ह्यूज, तारे, अभिप्राय, ग्राहकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट हे सगळे एकाच पोत्यात भरले जाते. माझे म्हणणे असे, की पहिली गोष्ट गर्दी आहे आणि दुसरी साक्ष. गर्दी माणसाला थांबवते. पटवते ती साक्ष. ज्याला पोस्टमधून विश्वास कमवायचा आहे त्याने आपण यातले नेमके काय दाखवत आहोत हे आधी ठरवावे.

गर्दी थांबवते हे तर शब्दशः खरे आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या फुटपाथवर आपली माणसे उभी करून त्यांना समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याकडे बघत राहायला सांगितले. एकटा माणूस वर पाहत असताना येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी 4 टक्के थांबले. पंधरा जण पाहत होते तेव्हा 40 टक्के. खिडकीत बघण्यासारखे काही नव्हतेच. थांबलेल्यांना त्यावरून काही पटले असेही नाही. ते थांबले, इतकेच. व्हायरल झालेल्या बहुतेक पोस्टींचे यश याच जातीचे असते, आणि म्हणून त्याचा हेवा वाटून घेण्यात फारसा अर्थ नाही.

सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातल्या रेषांच्या प्रयोगांबद्दल मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. तीन रेषांपैकी कोणती नमुन्याएवढी, असा पोरकट प्रश्न. खोलीतले बाकी सारे सामील, आणि ठरवून चुकीचे उत्तर देणारे. एकट्या बिचाऱ्याची सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताबरोबर वाहत गेली. एवढे सगळ्यांना पाठ असते. नंतरच्या मुलाखतींकडे मात्र कमी जण वळतात. चुकलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले, की आपल्याला दिसत वेगळेच होते, पण चारचौघांत वेगळे बोलणे जिवावर आले. म्हणजे गर्दीने तोंड बदलले, डोळे बदलले नाहीत. शिवाय खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला तरी बहुमताचा दाब झपाट्याने उतरला. पाचामुखी परमेश्वर ही आपली म्हण जुनी आणि शहाणी आहे, पण ती पाच मुखे एकमेकांकडे न पाहता बोलत असतील तरच.

समाजमाध्यमांवर ती तशी बोलत नाहीत, ही या क्षेत्रातली मोठी अडचण. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलेल्या प्रयोगात अनोळखी बँडांची 48 गाणी आणि चौदा हजारांवर श्रोते होते. काहींना आधीच्या लोकांनी किती वेळा कोणते गाणे उतरवून घेतले ते दिसत नव्हते. बाकीचे आठ स्वतंत्र 'जगांत' वाटले होते आणि प्रत्येकाला आपापल्या जगातला आकडा दिसत होता. जिथे आकडा दिसला तिथे वरची गाणी अधिक वर गेली, खालची अधिक खाली. गंमत अशी, की प्रत्येक जगात वरची गाणी निराळी. अगदी वाईट गाणे सहसा पहिले आले नाही, अगदी चांगले सहसा तळाला गेले नाही. पण मधल्या साऱ्यांचे नशीब सुरुवातीच्या काही टिचक्यांवर ठरले. 2013 मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर वाचकांच्या टिप्पण्यांना यादृच्छिक पद्धतीने एकेक कृत्रिम 'पसंत' मत देऊन पाहिले. त्या एका मताने अखेरचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी फुगले. उलट, कृत्रिम नापसंती मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढली. आपण खोट्या निंदेपेक्षा खोट्या स्तुतीला लवकर फसतो असे यावरून म्हणता येईल. निदान मला तरी तसे दिसते.

पहिली टाळी आपणच वाजवावी हा मोह त्यामुळे फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये नाट्यगृहांना भाड्याची दाद पुरवणारे 'क्लाक' नावाचे रीतसर धंदे होते, आणि 1820 मध्ये तर त्यासाठी एजन्सीच निघाली. त्यांत कामाची वाटणी असे. कुणी विनोदावर हसायचे, कुणी करुण प्रसंगी रुमाल काढायचा, कुणी 'पुन्हा, पुन्हा' ओरडायचे, कुणी अंकाअंकांमध्ये शेजाऱ्याला खुशीत ठेवायचे. पॅरिस ऑपेऱ्यातला ऑग्युस्त लव्हासर हा या मंडळींचा म्होरक्या तालमींना हजर राहून कुठे किती टाळी हवी याची आखणी करत असे. आपल्या संगीत रंगभूमीवरच्या 'वन्समोअर'बद्दलही कधीमधी अशी कुजबुज होत असणारच. जिथे दाद मोजली जाते तिथे ती विकतही मिळते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी 2018 मध्ये देव्हुमी नावाच्या कंपनीचा भंडाफोड केला तेव्हा ती खेळाडू, नट, व्यावसायिक यांना ट्विटरचे खोटे फॉलोअर विकत होती. लव्हासरच्या माणसांना निदान थिएटरात येऊन बसावे तरी लागे.

आता साक्षीकडे वळू, कारण या क्षेत्राची खरी समृद्धी तिथे आहे. समजा, देवगडचा एक बागायतदार एप्रिलमध्ये घरपोच हापूस विकतो आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण इन्स्टाग्रामवर पेटीचा फोटो पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला आतला आंबा देवगडचाच की दुसरीकडून आलेला हे फोटोवरून कळत नाही. बागायतदार पहिल्या पोस्टमध्ये लिहितो : 'दहा हजार समाधानी ग्राहक!' दुसऱ्या पोस्टमध्ये तो एका गिऱ्हाइकाचा मेसेज, नाव-नंबर झाकून, तिची परवानगी घेऊन, जसाच्या तसा टाकतो : 'पेटी काल मिळाली. पाच डझनांत दोन डागी निघाले, एकात साका होता. बाकीच्यांनी घर घमघमलं. सासूबाई म्हणाल्या, अढीतला आंबा आहे, पावडरीचा नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी आणखी एक पेटी पाठवा.' खाली बागायतदाराचे उत्तर : 'तीन फळं पुढच्या पेटीत जास्तीची घालतो ताई.'

दुसरी पोस्ट वाचल्यावर हात खिशाकडे का जातो, याचे उत्तर या मेसेजच्या तपशिलात आहे. साका फळ कापल्याशिवाय कळत नाही, म्हणजे बाईंनी आंबे खरोखर कापले आहेत. सासूबाईंची पारख ही तिसऱ्याच माणसाची साक्ष, आणि ती सहज आलेली. दोष सांगूनही पुन्हा मागणी केली आहे. कार्ल हॉव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर केलेल्या, 1949 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या अभ्यासात असेच काहीसे आढळले होते. आधीपासून विरोधी मत असलेल्यांना आणि जास्त शिकलेल्यांना एकतर्फी बाजूपेक्षा दोन्ही बाजू मांडणारे निवेदन जास्त पटत होते. स्क्रीनशॉटमधले दोन डागी आंबे कापून टाकणारा विक्रेता म्हणूनच स्वतःचे नुकसान करतो. आणि गिऱ्हाइकाचे नाव-नंबर उघडे ठेवणारा दुसऱ्याचे.

गर्दी उलटही लागते. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. 'पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली' अशा आशयाची पाटी होती तिथे खुणा करून ठेवलेल्यांपैकी 7.92 टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' एवढेच सांगणारी पाटी होती तिथे 1.67 टक्के. 'मराठी पुस्तके हल्ली कुणी विकतच घेत नाही' अशी कळकळीची पोस्ट टाकणाऱ्या प्रकाशकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तो न घेणाऱ्यांची गर्दी दाखवतो आहे. परवा एका वाचकाने कोणते पुस्तक घेतले आणि कितव्या पानावर अडकून पुन्हा फोन केला, हे सांगितले असते तर बरे झाले असते.

खोट्या साक्षीचा शोध हा या विषयाचा स्वतंत्र, जवळजवळ गुप्तहेरी विभाग आहे. डीना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हेलिए यांनी 2014 मध्ये एक साधी युक्ती वापरली. एक्स्पीडियावर खोली आरक्षित करणाऱ्यालाच अभिप्राय लिहिता येत होता, ट्रिपॲडव्हायझरवर कुणालाही. एकाच हॉटेलचे दोन्हीकडचे अभिप्राय ताडले, तेव्हा ज्याच्या शेजारी लहान, स्वतंत्र मालकाचे हॉटेल आहे त्याच्या वाट्याला ट्रिपॲडव्हायझरवर वाईट शेरे तुलनेने जास्त आलेले दिसले. कुणाचे नाव न घेता शेजाऱ्याचा हात दाखवणारी ही पद्धत मला फार आवडते. भारतात भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले. ते ऐच्छिक असले तरी विकत घेतलेले अभिप्राय त्याला मान्य नाहीत. इन्फ्लुएन्सरांसाठी जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे 2021 ची, आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाची जानेवारी 2023 ची. पैसे घेतल्याचा खुलासा हॅशटॅगांच्या गर्दीत दडवू नये, व्हिडिओत तो दिसावा आणि ऐकूही यावा, असे मंत्रालय सांगते. नियम करणाऱ्यांनाही गर्दी आणि साक्ष यांतला भेद करावा लागतोच : आकडा फुगवणे आणि खोटी साक्ष देणे या दोन वेगळ्या लबाड्या आहेत.

मराठी अभ्यासकाला इथे करण्यासारखे खूप आहे, आणि त्याचे मुख्य मैदान फेसबुक किंवा इन्स्टाग्राम नसून व्हॉट्सॲप आहे. सोसायटीच्या, भिशीच्या, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर लाइकांची बेरीज मिरवत नाही आणि फॉलोअर तर नसतातच. तिथे मेसेजची पत ठरते ती धाडणाऱ्यावरून : मावशीने पाठवला, मुख्याध्यापकांनी पाठवला. म्हणजे 2010 च्या प्रयोगातले चेहरे तेवढे उरले, आकडा गळून पडला. त्यावर व्हॉट्सॲपने एक विलक्षण गोष्ट केली. पाच किंवा अधिक हातांतून फिरत आलेल्या मेसेजवर ते 2019 पासून दुहेरी बाण दाखवते, आणि एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो. इतरत्र जो प्रसार प्रतिष्ठेचा शिक्का ठरतो तोच इथे सावध करण्यासाठी वापरला आहे. मावशीचा चेहरा आणि दुहेरी बाण एकाच मेसेजवर आले तर मराठी वाचक कुणाचे ऐकतो? हा प्रश्न एखाद्या विद्यापीठातल्या दोन चिकाटीच्या विद्यार्थ्यांना सहज हाताळता येईल. त्याला मोठे अनुदान लागत नाही. ग्रुपवरच्या माणसांची संमती आणि भरपूर वेळ मात्र लागेल.

वाचायला सुरुवात करताना चाल्डिनीचे पुस्तक बाजूला ठेवावे; ते वाचनीय आहे आणि म्हणूनच आधी वाचले तर सगळीकडे तेच दिसू लागते. बाँड यांचा निबंध काही पानांचाच आहे, तो आधी घ्यावा. मग गाण्यांचा प्रयोग, मग ॲश, तोही मुलाखतींसकट. मधल्या काळात स्वतःच्या फोनमधली जिच्यामुळे आपण खरोखर काही विकत घेतले किंवा कुठे गेलो अशी एखादी पोस्ट शोधून काढावी आणि तिच्यात किती आकडे आहेत, किती माणसे आहेत ते वहीत मांडावे.