तेरा अंकांमागची शिस्त

सैन्याच्या कोठारात तोफा थोड्या असतात. नट-बोल्ट, वॉशर, बेअरिंग, सुया, मोजे आणि औषधांच्या गोळ्या मात्र अगणित. या अगणित वस्तूंना ठरावीक नाव आणि क्रमांक देण्याचे काम अमेरिकेत नेटाने हाती घेतले ते नौदलाने. १९१४ मध्ये त्याने आपल्या डेपोंसाठी साठ्याची छापील सूची काढली. पुढे १९२९ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या संमतीने, सर्व केंद्रीय खात्यांसाठी ‘फेडरल स्टँडर्ड स्टॉक कॅटलॉग’ अस्तित्वात आला. सूची तयार झाली, पण ती सर्वांनी वापरलीच पाहिजे असा दंडक नव्हता. ज्याला सोयीची वाटली त्याने वापरली, इतरांनी आपापली वही चालू ठेवली.

या ढिलाईची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. भूदलाच्या ऑर्डनन्स, क्वार्टरमास्टर, सिग्नल, इंजिनीअर, वैद्यकीय अशा प्रत्येक शाखेची सूची वेगळी होती, नौदलाची आणखी वेगळी. तोच बोल्ट एका डेपोत एका नावाने आणि शेजारच्या डेपोत दुसऱ्या नावाने पडून राही. एकाकडे ढीग असताना दुसरा नव्या खरेदीचा इंडेंट पाठवी. यात लबाडी कोणाचीच नव्हती. आपल्याला हवी ती वस्तू दुसऱ्याकडे आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये, युद्ध अजून संपले नसताना, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व सरकारसाठी एकच सूची तयार करण्याची जबाबदारी अर्थसंकल्प विभागावर सोपवली.

युद्ध संपल्यावर उत्साह मावळला नाही, पण गतीही आली नाही. १९४९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या आयोगाने सरकारी खरेदी आणि साठवणुकीच्या विस्कळीतपणावर बोट ठेवले. त्याच वर्षी मुलकी खात्यांच्या पुरवठ्यासाठी जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. संरक्षण दलांबाबत निर्णायक पाऊल पडले ते १ जुलै १९५२ रोजी. ‘डिफेन्स कॅटलॉगिंग अँड स्टँडर्डायझेशन ॲक्ट’ संमत झाला आणि एका वस्तूला एकच नाव, एकच वर्णन, एकच क्रमांक हे तत्त्व कायद्याने बंधनकारक झाले. या व्यवस्थेचा खरा जन्म याच दिवशी झाला असे म्हणणे योग्य ठरेल.

कायद्याने हुकूम दिला. काम केले ते कॅटलॉगरांनी. त्यांची पद्धत आजही मुळात तीच आहे. आधी वस्तूचे मान्य नाव ठरते. कारागिरांच्या तोंडची बोली नावेही नोंदली जातात, पण ती मान्य नावाकडे वाट दाखवण्यापुरतीच. मग त्या नावासाठी ठरलेली प्रश्नावली पुढे येते. बोल्ट असेल तर आट्याचा व्यास किती, लांबी किती, डोके कोणत्या आकाराचे, धातू कोणता, त्यावर मुलामा कसला. दोन वस्तूंची सर्व उत्तरे जुळली तर त्या दोन नव्हेत, एकच. मग कारखाने दोन असोत की दहा. त्या सर्व कारखान्यांचे पार्ट नंबर एकाच क्रमांकाखाली लावले जातात. प्रत्येक उत्पादकालाही पाच चिन्हांचा स्वतंत्र संकेतांक असतो. जिथे उत्पादक तांत्रिक तपशील देत नाही, तिथे नुसत्या पार्ट नंबरवर नोंद करावी लागते. ही या व्यवस्थेची जुनी दुखरी नस आहे. वर्णनाशिवायची नोंद म्हणजे दुबार खरेदीला उघडे ठेवलेले मागचे दार.

वर्गवारीचा पसारा पाहिला तर थक्क व्हायला होते. पहिले दोन अंक गटाचे, पुढचे दोन वर्गाचे. ५३०५ म्हणजे स्क्रू, ५३०६ म्हणजे बोल्ट, ३११० म्हणजे बेअरिंग, ६५०५ म्हणजे औषधे, ७७१० म्हणजे वाद्ये. खाण्यासाठी न पाळलेल्या जिवंत जनावरांनाही ८८२० हा वर्ग आहे. सरकारी सूचीतून कुत्रा आणि घोडाही सुटलेला नाही.

जुन्या क्रमांकांवरून नव्यावर येणे हे पन्नाशीच्या दशकातले सर्वांत किचकट काम होते. प्रत्येक लेजर, प्रत्येक बिन कार्ड, प्रत्येक खोक्यावरची चिठ्ठी बदलायची, आणि तेही रोजचा पुरवठा न थांबवता. प्रत्येक दलाला आपलाच क्रमांक सोयीचा वाटे, आणि तो सोडताना नाराजी असे. त्या काळातील कारकून, भांडारपाल आणि टंकलेखकांची नावे इतिहासात नाहीत, पण अकरा अंकी ‘फेडरल स्टॉक नंबर’ रुळला तो त्यांच्याच चिकाटीने. याच दशकात नाटोच्या मित्रदेशांनी ही पद्धत स्वीकारली. वर्गवारी आणि ओळख यांसाठी करार झाले आणि क्रमांकात देशाचे दोन अंक आले: जर्मनीचे १२, फ्रान्सचे १४, ब्रिटनचे ९९.

१९६१ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्‌नमारा यांनी तिन्ही दलांच्या समाईक पुरवठ्यासाठी डिफेन्स सप्लाय एजन्सी स्थापन केली. १ जानेवारी १९६२ पासून ती कामाला लागली, आणि १९७७ मध्ये तिचे नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झाले. सूचीकरणाचे केंद्र साठच्या दशकात मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे स्थिरावले. तिथली इमारत डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामाची. १९०२ च्या आगीनंतर ते नव्याने उभे राहिले, १९२८ मध्ये त्याला उंच मनोरा जोडला गेला, आणि मंदीत ते डबघाईला आले. १९४२ मध्ये ते लष्कराने विकत घेतले आणि तिथे पर्सी जोन्स रुग्णालय उभे राहिले. युद्धात जखमी झालेले फिलिप हार्ट, बॉब डोल आणि डॅनियल इनोये यांच्यावर तिथेच उपचार झाले. तिघेही पुढे सिनेटर झाले आणि २००३ मध्ये इमारतीला त्या तिघांची नावे देण्यात आली.

३० सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेनेही तेरा अंकी ‘नॅशनल स्टॉक नंबर’ स्वीकारला. मित्रदेशांचे क्रमांक आधीच तेरा अंकी होते. ज्याने पद्धत दिली तोच या टप्प्यावर मागाहून आला. जुन्या अमेरिकी क्रमांकांत ०० घातले गेले, नव्यांना ०१ मिळाले. कार्डांची जागा संगणकाने घेतली. आज या व्यवस्थेत साठहून अधिक देश आहेत आणि नोंदलेल्या वस्तू दीड कोटींच्या पुढे गेल्या आहेत.

भारतात हे काम मानकीकरण संचालनालयाकडे आहे. संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत १९६२ मध्ये ते स्थापन झाले. सैन्यातील वस्तूंच्या प्रकारांची अनावश्यक वाढ रोखणे हा त्याचा मूळ हेतू. भारतापुढची अडचण अमेरिकेपेक्षा बिकट होती. तिथे एका देशाच्या दलांत मतभेद होते. इथे ब्रिटिश, रशियन, फ्रेंच आणि इस्रायली सामग्री एकाच छपराखाली, प्रत्येकीची क्रमांकाची तऱ्हा वेगळी. खडकीचा चिलखती वाहनांचा डेपो असो की घाटकोपरचे नौदलाचे साहित्य भांडार, सुट्या भागाची ओळख पटवणे हेच तिथे अर्धे काम. त्यात तिन्ही दलांच्या साठा-संगणक प्रणालीही वेगवेगळ्या उभ्या राहिल्या. तरीही सूचीकरण नेटाने चालू राहिले, आणि २००८ मध्ये भारत नाटोचा सदस्य नसतानाही या व्यवस्थेचा दुसऱ्या श्रेणीचा भागीदार झाला. पहिल्या श्रेणीच्या देशाला माहिती नुसती मिळते. दुसऱ्या श्रेणीच्या देशाला ती देताही येते आणि चर्चेतही भाग घेता येतो. भारताचा अंक ७२.

या व्यवस्थेचा नियम असा, की ज्या देशाकडे वस्तूच्या आराखड्याचा अधिकार, त्यानेच तिला क्रमांक द्यायचा. पुण्याच्या पाषाण भागातील ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडवलेल्या पिनाक रॉकेट यंत्रणेसारखी सामग्री परदेशी विकली जाते, तेव्हा तिच्या सुट्या भागांना ओळख देण्याची जबाबदारी याच नियमाने भारताकडे येते. भोसरी, चाकण, अंबड आणि वाळूजच्या ज्या लघुउद्योजकांना संरक्षण पुरवठ्यात उतरायचे आहे, त्यांनी आपला उत्पादक संकेतांक मानकीकरण संचालनालयाकडून वेळीच घ्यावा आणि आपल्या वस्तूचे वर्णन पूर्ण द्यावे.