विद्युत् संरोध मापन, शरीराचे
शरीरातून किंवा त्याच्या एखाद्या भागातून अल्प प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणारा) विद्युत् प्रवाह पाठवून त्यास होणारा एकूण विरोध, म्हणजे संरोध, मोजण्याची पद्धत. रक्त व इतर शारीरिक द्रव विजेचे चांगले संवाहक आहेत. वसा, हाडे व फुप्फुसांतील हवा यांतून वीज सहजी वाहत नाही. त्यामुळे शरीरातील द्रवाचे प्रमाण व रक्ताची ये-जा यांविषयी त्वचेला छेद न देता अनुमान करता येते. संरोधाचे मापन सोपे असले, तरी त्यावरून काढावयाचा निष्कर्ष सोपा नसतो. हा निष्कर्ष विश्वसनीय करण्याचे प्रयत्न हेच या पद्धतीच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

इतिहास : उच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या अधिक असलेल्या) प्रवाहास तांबड्या कोशिकांचा अंतर्भाग संवाहक ठरतो, असे रूडोल्फ हबर यांनी १९१० मध्ये दाखविले. अडथळा कोशिकेच्या पटलाचा असतो, हे यावरून सूचित झाले. ह्यूगो फ्रिक यांनी १९२५ मध्ये या पटलाची विद्युत् धारणा मोजून त्याची जाडी सु. ३·३ नॅनोमीटर असल्याचे अनुमान काढले.

रक्ताभिसरणाच्या अभ्यासासाठी जॅन नायबोअर यांनी १९४० पासून ही पद्धत वापरली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अवयवात रक्त भरते व त्याचा संरोध किंचित घटतो. या घटीवरून आकारमानातील वाढ काढण्याचे सूत्र त्यांनी मांडले. बाहेरील दोन विद्युत् अग्रांतून प्रवाह पाठवावयाचा व आतील दोहोंमधील विद्युत् दाब मोजावयाचा, या रचनेमुळे त्वचा व अग्रे यांच्या संपर्कातील रोधाचा दोष बराच टळतो. अमेरिकेत डब्ल्यू. जी. कुबिचेक व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये हृदयातून प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणारे रक्त मोजण्यासाठी छातीच्या संरोधातील बदलाच्या त्वरेचा उपयोग केला. या कार्यामागे अंतराळवीरांच्या हृदयक्रियेची नोंद घेण्याची गरज होती.

मुंबईतील संशोधन : भाभा अणुसंशोधन केंद्र, तुर्भे येथील इलेक्ट्रॉनिकी विभागात जी. डी. जिंदल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची उपकरणे विकसित केली. सेठ गो. सुं. वैद्यक महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील शल्यचिकित्सक जी. बी. परूळकर यांच्या सहकार्याने १९८०–९० या दशकात रुग्णांवर त्यांचा अभ्यास झाला. पद्धतीची मूलतत्त्वे व तांत्रिक बाजू विशद करणारे त्यांचे लेख १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पायातील रोहिणी अरुंद झाल्यास पाय गमावण्याचा धोका असतो; अडथळ्याची जागा निश्चित करण्यासाठी रोहिणीत क्ष-किरणरोधी द्रव्य टोचून चित्र घ्यावे लागे. या संशोधकांनी पायाच्या निरनिराळ्या भागांवरील नोंदींतून रक्तप्रवाहाचा निर्देशांक व नाडी पोहोचण्यास लागणाऱ्या वेळांतील फरक ही दोन मापे काढली. निर्देशांकातील घट व नाडीचा विलंब ज्या भागात आढळे, त्यावरून अडथळ्याचे स्थान व पर्यायी रक्तमार्गांची स्थिती कळू शके. एकाच अवयवाच्या भागांची परस्पर तुलना करावयाची असल्याने रक्ताच्या निरपेक्ष मापनातील अनिश्चितता काही अंशी टाळता आली.

शरीरघटकांचे मापन : फ्रान्समध्ये ए. टोमासे यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी संरोधावरून शरीरातील जलाचा अभ्यास केला. ई. सी. हॉफर व सहकारी यांनी १९६९ मध्ये उंचीचा वर्ग भागिले संरोध या राशीचा शरीरातील एकूण जलाशी निकट संबंध दाखविला. १९८५ नंतर वसेचे प्रमाण सांगणाऱ्या उपकरणांचा प्रसार झाला. ही उपकरणे वसा प्रत्यक्ष मोजत नाहीत. विशिष्ट लोकसमूहावरून बसविलेल्या समीकरणाने तिचे अनुमान करतात. पुण्यातील २००३ मधील अभ्यासात भारतीय अर्भके ब्रिटिश अर्भकांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील वसा तुलनेने टिकून असल्याचे दिसले. म्हणून पाश्चात्त्य समीकरणे भारतीयांस पडताळणीविना लावणे योग्य नाही.

मर्यादा : धडात शरीराच्या वस्तुमानाचा सु. अर्धा भाग असूनही मनगट ते घोटा या मापनातील संरोधात त्याचा वाटा अल्प असतो. शरीरस्थिती, तहान व सूज यांनीही निष्कर्ष बदलतात. नीलांतील अंतर्क्लथनाच्या (रक्ताची गुठळी होण्याच्या) निदानात या पद्धतीची जागा श्राव्यातीत ध्वनितंत्राने घेतली आहे. मात्र छातीभोवती अनेक अग्रे लावून फुप्फुसांतील हवेच्या वाटपाचे चित्र मिळविण्याचे तंत्र अतिदक्षता विभागांत उपयुक्त ठरले आहे.