आठ आण्यांचा दुष्काळ

पन्नास पैशांचं नाणं शेवटचं कधी हातात घेतलंत? कायद्याने ते अजून चालतं, पण आमच्या बाजारपेठेत देऊन बघा, दुकानदार आधी नाण्याकडे बघेल, मग तुमच्याकडे. चार आणे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ लाच बाद झाली. पण एका ठिकाणी हे आठ आणे अजून खणखणीत वाजतात. महसूल खात्यात.

तिथे पिकाची किंमत पैशात मोजतात. रुपया म्हणजे पूर्ण पीक. गावाची पैसेवारी ५० च्या आत आली तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आली तर गाव सुखी आहे असं समजायचं. मग विहिरीत बेडूक का तडफडेना.

याचं जुनं नाव आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक. ही मोजणी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातली, आणि तिच्यावरून आपल्या इतिहासातलं एक मोठं भांडण झालं आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पीक बुडालं. नियम असा, की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षी साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब. शेतकरी म्हणाले, चार आण्यांच्या आत आहे. सरकारी कागद म्हणाला, जास्त आहे. शेत एकच, पीक एकच, आणे मात्र दोन प्रकारचे!

२२ मार्चला नडियादमध्ये गांधीजींनी सारा न भरण्याची हाक दिली. वल्लभभाई पटेल वकिली बाजूला ठेवून सोबत उतरले. सरकारने जप्त्या सुरू केल्या. एका शेतातलं कांद्याचं पीक चुकीच्या पद्धतीने जप्त झालं, असं गांधीजींचं मत पडलं. मोहनलाल पंड्या आणि सात-आठ जणांनी ते कांदे काढून आणले आणि तुरुंगात गेले. लोकांनी पंड्यांना पदवी दिली, 'डुंगळी चोर'. म्हणजे कांदाचोर. शेतकऱ्यानेच पिकवलेल्या कांद्याचे चोर!

खरी कचेरीची गंमत शेवटी आहे. नडियादच्या मामलेदाराने कळवलं, ऐपतदार पाटीदारांनी सारा भरला तर गरिबांची वसुली थांबवू. गांधीजींनी कलेक्टरला विचारलं, हे सगळ्या जिल्ह्याला लागू आहे का? उत्तर आलं, तसे आदेश तर आधीच निघाले आहेत! लढणाऱ्यांच्या पुढाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता. जूनच्या सुरुवातीला सत्याग्रह संपला. त्यात विजयाचं तेज नव्हतं, अशी खंत गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे.

पुढे इंग्रज गेले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणे हद्दपार झाले. आणेवारीची पैसेवारी झाली. गावात मात्र लोक अजून आणेवारीच म्हणतात.

आता माझा अनुभव. २००३ चा दुष्काळ. मी हातात डिप्लोमा घेऊन नुकताच वार्ताहर झालेलो. एका गावात चावडीवर नजरअंदाज पैसेवारी वाचून दाखवली : ५६. शिवारात बाजरीची ताटं गुडघ्याला लागत नव्हती. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "भाऊसाहेब, नजर म्हणजे कुणाची नजर?"

तलाठी म्हणाले, "आजोबा, वरची."

सगळी चावडी हसली. तलाठीही हसले. नंतर चहा पिताना मला म्हणाले, "तुम्ही बघितलं तेच मीही बघितलं. पण गेल्या वर्षीचा आकडा ५८ आहे. यंदा एकदम ३० लिहिला तर खुलासा मी द्यायचा. ५६ लिहिला की कुणी विचारत नाही."

मला वाटतं, सरकारी कचेरीतला निम्मा विनोद या एका वाक्यात आहे. खोटं लिहायची कुणाला हौस नसते. खरं लिहिलं की खुलासा मागतात, एवढंच.

त्या गावाची अंतिम पैसेवारी ४६ आली. आदेश निघाले. तोवर आजोबांची बैलजोडी बाजारात गेली होती. त्यानंतर मला ती चावडी आठवली की हसू येत नाही.

आता केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आहे. पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवळ, असे निकष आले. नजर खरोखरच वर गेली, थेट आकाशात! तरी जिल्ह्याजिल्ह्यात पैसेवारी अजून जाहीर होते आणि बातमी म्हणून आम्ही ती छापतोही. चूक आमचीही आहे. आकडा छापतो, शेत बघायला जात नाही.

म्हणून एक विनंती. यंदा तुमच्या गावाची पैसेवारी किती लागली, ते तलाठ्यांना विचारा. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, वही तीच.) आकडा कळला की शिवारात एक चक्कर मारा. जुळत नसेल तर अंतिम आकडा लागायच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

नाहीतर उद्या उत्तर ठरलेलं आहे : आदेश तर आधीच निघाले आहेत.