सामाजिकीकरण
सामाजिकीकरण म्हणजे समाजाची भाषा, मूल्ये, रूढी व भूमिका आत्मसात करण्याची जन्मभर चालणारी प्रक्रिया होय. कुटुंबात प्राथमिक, तर शाळा, धर्मसंस्था, व्यवसाय इत्यादींतून दुय्यम सामाजिकीकरण घडते. जात, वर्ग व लिंगभाव यांनुसार मिळालेले स्थान त्यातून दृढ होते. मात्र नव्या संस्थांशी संबंध आल्यास ते बदलूही शकते.

वसई तालुक्यातील सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांत घरची बोली सामवेदी (कादोडी), तर मराठी शाळेची भाषा प्रमाण मराठी असते. याच तालुक्यातील नंदाखाल येथे जन्मलेले धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. नालासोपाऱ्यालगतच्या आचोळ्यासारख्या नागरीकरण झालेल्या गावांत मूळ रहिवासी व स्थलांतरित या दोघांनाही प्रौढपणी नवे सामाजिक संकेत शिकावे लागतात. यास पुनर्सामाजिकीकरण म्हणतात.